एल्क आणि हरणांची धनुष्यबाणाने शिकार: हंगामाचे अखेरचे दिवस

अमेरिकेच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचे दोन मुख्य हंगाम असतात. बंदुकीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. त्याआधीचे काही आठवडे प्रामुख्याने धनुर्धारी शिकाऱ्यांसाठी राखलेले असतात. कोलोरॅडो राज्यात अलीकडे ते २ ते ३० सप्टेंबर असे आहेत. आयडाहो आणि ओरेगॉनमध्ये ऑगस्टअखेर सुरुवात होते, तर मोंटानातील हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. बंदूकधारी तीनशे मीटरवरूनही नेम धरू शकतो. धनुर्धाऱ्याला तीस-चाळीस मीटरच्या आत जावे लागते. वाऱ्याचा अभ्यास, प्राण्याची साद हुबेहूब काढण्याचे कसब, जोडीदाराची गरज आणि बाण न सोडता परत फिरण्याची तयारी, हे सगळे या एका अंतरामुळे अंगी बाणवावे लागते. हंगाम सरत येतो तेव्हा हे अंतर गाठणे सर्वांत अवघड झालेले असते, आणि त्याच दिवसांत दोघा-तिघा मित्रांनी मिळून केलेली शिकार एकट्याच्या शिकारीपेक्षा सरस ठरते.

एल्क हा हरणांच्या कुळातील आकाराने फार मोठा प्राणी. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेला नर ३२० किलोंच्या आसपास भरतो आणि खांद्यापाशी दीड मीटर उंच असतो; मादी सव्वादोनशे किलोंची असते. महाराष्ट्रातील सर्वांत मोठे हरीण म्हणजे सांबर. त्याचा चांगला पोसलेला नर साधारण एल्कच्या मादीएवढा होतो. एल्कचा भारतातील जवळचा नातलग मात्र काश्मीरमधील दाचीगामच्या जंगलात राहणारा हंगुल होय. एल्क नराची शिंगे दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास गळून पडतात आणि लगोलग नवी फुटतात. उन्हाळाभर त्यांवर मखमली कातडे असते. त्यातील रक्तवाहिन्या शिंगांना पोसतात आणि ऐन भरात ती दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढतात. ऑगस्टमध्ये हे कातडे सुकते आणि नर ते झाडाझुडपांवर घासून काढतो. मोठ्या नराच्या शिंगांची जोडी पंधरा किलोंहूनही जड असते.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत एल्कचा माजाचा काळ असतो. बलदंड नर माद्यांचा कळप गोळा करतो आणि इतर नरांना जवळ फिरकू देत नाही. सांबराप्रमाणेच तोही चिखलात लोळतो, स्वतःच्या मूत्राचा वास अंगाला लावतो, झाडांच्या साली सोलून काढतो. या काळात तो जी साद घालतो तिला तिकडचे शिकारी बिगूल म्हणतात. तीनशे किलोंच्या जनावराच्या घशातून इतका उंच, शिट्टीसारखा स्वर कसा निघतो हे कोडेच होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की नर एकाच वेळी दोन आवाज काढतो: खाली दीडशे हर्ट्झच्या आसपासची गुरगुर आणि तिच्यावर चार हजार हर्ट्झपर्यंत चढणारी शीळ. पहाटेच्या थंडीत ही साद दरीच्या पलीकडूनही ऐकू येते. धनुष्याचा हंगाम या काळात ठेवल्यामुळे एरवी मुका राहणारा हा प्राणी आपला ठावठिकाणा आपणच सांगतो. हत्याराचा पल्ला कमी असल्याची ही मोठी भरपाई आहे.

एल्कच्या मागावर निघालेल्या अनेकांच्या खिशात हरणाचाही परवाना असतो. पश्चिमेत मुख्यतः म्यूल डिअर भेटते. मोठाले कान, दोन फाट्यांत दुभंगत जाणारी शिंगे आणि संकट येताच चारही पाय एकदम उचलून उड्या घेत पळण्याची रीत ही त्याची ओळख. व्हाइट-टेल हे दुसरे हरीण देशाच्या बहुतेक भागांत आढळते. पळताना ते शेपटी उभारते आणि तिची पांढरी खालची बाजू दूरवरून दिसते. या दोन्ही हरणांचा माज बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात येतो. ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात तो डिसेंबर-जानेवारीपर्यंत लांबतो. त्यामुळे एल्कचा धनुष्याचा हंगाम सप्टेंबरात आटोपला तरी हरणांचा बऱ्याच राज्यांत पुढे चालू राहतो. नेब्रास्कात तो ३१ डिसेंबरला संपतो, वॉशिंग्टन राज्यात नोव्हेंबरअखेरीस त्याचा दुसरा टप्पा येतो आणि ॲरिझोनाच्या काही भागांत जानेवारीतही हरणाच्या मागे धनुष्य घेऊन जाता येते.

अमेरिकेतील मूळ रहिवासी हजारो वर्षे धनुष्यबाणाने शिकार करत आले. आजच्या हौशी धनुर्धाऱ्यांची परंपरा मात्र एका विलक्षण भेटीपासून सुरू झाली. ऑगस्ट १९११ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा एक एकाकी, भुकेलेला माणूस सापडला. त्याचे सारे लोक वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत संपले होते. तो पुढे इशी या नावाने ओळखला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहू लागला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करत. उपचार करता करता ते त्याचे शिष्य झाले. धनुष्याचे लाकूड कसे निवडावे, बाण कसा सरळ करावा, गारगोटीसारख्या दगडाला धार कशी काढावी, सावजाला आवाज देऊन कसे बोलवावे, हे त्यांनी इशीकडून शिकून घेतले. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ साली ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हे पुस्तक लिहिले आणि आर्थर यंग या मित्राबरोबर ही विद्या देशभर पोहोचवली. या दोघांच्या नावाने १९६१ साली पोप अँड यंग क्लब स्थापन झाला. तो धनुष्याने मिळवलेल्या मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवतो. त्या नोंदींच्या मुळाशी इशी आहे हे विसरले जाऊ नये. ज्या समाजाची विद्या घेतली तो समाज तोवर पुसला गेला होता.

त्या काळी शिकार करायला प्राणीही फारसे उरले नव्हते. युरोपीय वसाहतींपूर्वी उत्तर अमेरिकेत सुमारे एक कोटी एल्क असावेत असा अंदाज आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ते एक लाखाच्याही खाली आले. पूर्वेकडील उपजात कायमची नष्ट झाली. व्हाइट-टेल हरणेही देशभरात मिळून काही लाखच राहिली होती. बाजारात मांस व कातडी विकण्यासाठी झालेली बेसुमार कत्तल हे त्याचे मुख्य कारण. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा आंतरराज्य व्यापार गुन्हा ठरवला. पुढे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील एल्क गाड्यांत भरून दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडण्यात आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील अबकारी कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, आणि १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरील करही त्यात आला. आज उत्तर अमेरिकेत सुमारे दहा लाख एल्क आहेत, आणि कोलोरॅडोइतके ते दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. शिकाऱ्याच्याच खिशातून संवर्धनाचा खर्च काढण्याची ही व्यवस्था भारतीय वाचकाला विचित्र वाटू शकते. तिचे श्रेय मात्र नाकारता येत नाही.

केवळ धनुष्यबाणासाठी राखीव हंगाम देणाऱ्या पहिल्या राज्यांत विस्कॉन्सिन येते. तिथे १९३४ साली अशी हरणांची शिकार सुरू झाली. खरा फरक पडला तो १९६० च्या दशकात. मिसूरीतील हॉलिस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांना केंद्राबाहेर आस असलेली चाके बसवली आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे ओढावी तितका ताण वाढत जातो. ॲलन यांच्या रचनेवर आधारलेल्या आजच्या कंपाउंड धनुष्यात ओढ मधेच सर्वाधिक असते आणि दोरी पूर्ण मागे आली की चाके वळून ताण सत्तर-ऐंशी टक्क्यांनी उतरतो. तीस किलोंची ओढ असलेले धनुष्य शेवटी सहा-सात किलोंवर धरून ठेवता येते. साध्या धनुष्याने दोन-चार सेकंदांत बाण सोडावाच लागतो. इथे एल्क झाडाआडून बाहेर येईपर्यंत बराच वेळ दोरी ताणून थांबता येते. बहुतेक राज्यांनी ओढीची किमान मर्यादा ठरवून दिली आहे. कोलोरॅडोत ती ३५ पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलो आहे. ओरेगॉनमध्ये एल्कसाठी ती ५० पौंड आहे.

बाणाचे गणित सोपे आणि कठोर आहे. चांगल्या कंपाउंड धनुष्यातून पंचवीस-तीस ग्रॅमचा बाण सेकंदाला साधारण ऐंशी मीटर वेगाने सुटतो. चाळीस मीटरवरच्या प्राण्यापर्यंत पोहोचायला त्याला अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच प्राण्यापर्यंत सेकंदाच्या आठव्या भागातच जातो. बिथरलेले हरीण तेवढ्यात उडी घेण्यासाठी पाय मुडपून खाली बसते आणि बाण त्याच्या पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीकडे लागतो. म्हणून जाणते शिकारी सावध झालेल्या हरणावर बाण सोडतच नाहीत. गोळी आपल्याबरोबर मोठा आघात नेते. बाण तसा आघात करत नाही. त्याच्या टोकाची दोन-चार वस्तऱ्यासारखी पाती रक्तवाहिन्या कापतात आणि रक्तस्रावाने प्राणी कोसळतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर एल्क सहसा काही सेकंदांत, शे-दीडशे मीटरच्या आत पडतो. पाती बोथट असतील किंवा नेम वीतभर मागे गेला असेल, तर तोच प्राणी तासन्‌तास यातना भोगतो. त्यामुळे पुढच्या पायामागचा फुप्फुसांचा भाग मोकळा दिसेल अशाच स्थितीत, म्हणजे प्राणी आडवा उभा असताना किंवा किंचित पाठमोरा तिरका असताना, बाण सोडावा असे शिकवले जाते. मोंटाना आणि आयडाहोत धनुष्याच्या शिकारीसाठी यासंबंधीचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याखेरीज परवाना मिळत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डोंगर बदललेला असतो. दोन हजार आठशे ते तीन हजार मीटरांवरील ॲस्पेनची झाडे पिवळी पडून गळू लागतात, पहाटे गवतावर दहिवर गोठते आणि एखाद्या रात्री बर्फही पडते. माज भरात असतो, तरी शिकार सोपी झालेली नसते. महिनाभर माणसांनी काढलेल्या खोट्या सादा ऐकून नर शहाणे झालेले असतात. सुरुवातीला एखाद्या आव्हानाला धावून येणारा नर आता माद्या गोळा करून बसलेला असतो आणि दुसऱ्या नराचा आवाज ऐकताच कळपाला हाकत पलीकडच्या डोंगरधारेवर निघून जातो. कित्येक कळप पायवाटांपासून दूर, स्प्रूसच्या दाट झाडीच्या उत्तर उतारांवर जातात. तिथे दिवसा सावली असते आणि पाणीही जवळ असते. सादा कमी होतात किंवा फक्त रात्री ऐकू येतात. अशा वेळी बिगूल वाजवण्यापेक्षा मादीचा मऊ, म्यावसारखा आवाज अधिक काम करतो. काही वेळा आवाजच न करता पाणवठ्याजवळच्या ताज्या चिखलाच्या लोळणीशी दबा धरणे शहाणपणाचे ठरते. या आठवड्याची एक जमेची बाजूही आहे. आदल्या काळात न फळलेल्या काही माद्या पुन्हा माजावर येतात, आणि कळपाबाहेर घुटमळणारे तरुण नर तेव्हा फार अधीर असतात. सोबतीच्या गटाने महिनाभर ठेवलेल्या खुणा, म्हणजे कुठे ठसे दिसले, कुठल्या घळीत साद ऐकली, कुठल्या खिंडीतून कळप ओलांडतो, यांचा खरा उपयोग आता होतो.

व्हाइट-टेलच्या हंगामाचा शेवट वेगळ्या स्वभावाचा असतो. डिसेंबरात माज सरलेला, नर खंगलेला आणि थंडी कडाक्याची. त्याला अन्न हवे असते. कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सांडलेली कणसे, ओकच्या झाडाखाली उरलेली फळे, दक्षिणेकडे तोंड केलेले उबदार उतार, याच जागी तो सूर्यास्ताच्या तासाभर आधी येतो. शिकारी मचाणावर किंवा जमिनीवरच्या लपणात तासन्‌तास बसून राहतात. पाने गळून गेल्यामुळे आडोसा उरत नाही आणि गारठलेल्या स्नायूंनी धनुष्य ओढणे जड जाते. ओढीचा ताण थोडा कमी करून ठेवणे आणि जाड कपड्यांत आधीच सराव करणे हा त्यावरचा उपाय.

एल्कच्या शिकारीत मित्रांची गरज सर्वांत स्पष्ट दिसते ती साद घालण्याच्या पद्धतीत. जुन्या संस्थानी काळात भारतात हाकारे करणारे लोक सावजाला मचाणाकडे रेटत नेत. इथे उलटे आहे: सावजाला आपल्या पायांनी यायला लावायचे असते. एक जण मागे राहून आवाज काढतो, दुसरा धनुष्य घेऊन त्याच्या चाळीस-साठ मीटर पुढे बसतो. याचे कारण एल्कच्या सवयीत आहे. आवाजाच्या दिशेने येणारा नर जिथून ती जागा दिसायला हवी तिथे, बहुधा पन्नास-साठ मीटरांवर, थबकतो. आवाज आला तिथे एल्क दिसत नाही, तर तो पुढे पाऊल टाकत नाही. एकट्या शिकाऱ्याचा डाव इथेच फसतो. दोघे असतील तर नर जिथे थबकतो ती जागा नेमकी धनुर्धाऱ्याच्या समोर येते. मागचा मित्र टाळूला चिकटवायच्या छोट्या रबरी पडद्यातून आवाज काढतो, जाड फांदीने झाडाचे खोड घासतो, पायाने काटक्या मोडतो आणि हळूहळू मागे सरकतो. कळप दूर चालला आहे असा नराचा समज व्हावा हा हेतू. तिसरा मित्र असेल तर तो वाऱ्याच्या खालच्या बाजूस बसतो, कारण अनुभवी नर सरळ न येता वळसा घालून वास घेत येतो. आवाज काढणाऱ्याला बाण सोडण्याची संधी जवळजवळ कधीच मिळत नाही. म्हणून गटात दिवसागणिक पाळी बदलण्याची रीत आहे, आणि या शिकारीतील खरे कौशल्य बऱ्याचदा मागे बसलेल्याकडेच असते.

वारा चुकला की बाकी सगळे व्यर्थ. एल्कची दृष्टी आणि कान फसवता येतात, नाक फसवता येत नाही. डोंगरातील वाऱ्याला स्वतःचे वेळापत्रक असते. रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घळींतून खाली वाहते. पहाटेपर्यंत हा खाली वाहणारा प्रवाह टिकतो. ऊन पूर्वेकडील उतारावर पडले की तिथली हवा तापून वर चढू लागते. सावलीतील उतारावर मात्र ती अजून खालीच वाहत असते. सकाळच्या या संधिकाळात वारा घडीघडीला दिशा बदलतो आणि तेव्हा कळपाच्या जवळ जाणे म्हणजे त्याला उठवून लावणे. दुपारभर हवा वर चढते, संध्याकाळी सूर्य कड्याआड गेला की पुन्हा खाली वळते. शिकारी बारीक पूड भरलेली छोटी बाटली जवळ ठेवतात आणि ती दाबून उडणाऱ्या भुकटीवरून वाऱ्याची दिशा पाहत राहतात. पहाटे खालून वर जायचे, ऊन चढल्यावर कळपाच्या वरच्या अंगाला पोहोचायचे आणि वारा स्थिरावेपर्यंत थांबायचे, हा साधारण क्रम. सप्टेंबरअखेर सूर्य तिरका झाल्यामुळे उत्तर उतारांवर हा बदल उशिरा होतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

म्यूल डिअरच्या बाबतीत मित्राचे काम डोळ्यांचे असते. हे हरीण झाडांच्या रेषेवरील खडकाळ उतारांवर किंवा झुडपी माळावर दिवसा बसून राहते. समोरच्या उतारावरून एक जण तिपाईवर लावलेल्या दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवतो, दुसरा बूट काढून, मोज्यांवर, वाऱ्याच्या विरुद्ध सरपटत जातो. जवळ गेल्यावर त्याला हरीण दिसत नाही. पलीकडच्या मित्राच्या हाताच्या खुणाच त्याला सांगतात. बिनतारी यंत्रावरून अशी मदत देण्यास मोंटानासारख्या राज्यांत बंदी आहे, त्यामुळे कोणत्या खुणेचा काय अर्थ हे आधी ठरवून घेतात. मोंटाना आणि वायोमिंगमध्ये सोबत असण्याला आणखी एक कारण आहे. मादी एल्कचा आवाज ऐकून ग्रिझली अस्वलही येते. तिथे प्रत्येकाच्या कमरेला मिरचीच्या फवाऱ्याचा डबा असणे अत्यावश्यक मानले जाते.

या सोबतीला कायद्याची चौकट आहे. मागणी जास्त असलेल्या क्षेत्रांतील परवाने सोडतीने मिळतात. मित्रांना एकत्र अर्ज करता येतो. मग सगळ्यांना मिळतो नाहीतर कुणालाच नाही. अपयशी अर्जदाराला पुढच्या वर्षांसाठी गुण मिळत जातात. गटाचे गुण मोजताना कोलोरॅडो सर्वांत कमी गुण असलेल्याला धरते, तर वायोमिंग सरासरी काढते. म्हणून नवख्या मित्राला सोबत घेणे जुन्या शिकाऱ्याला महागात पडू शकते. जंगलात मात्र प्रत्येकाचा टॅग, म्हणजे मारलेल्या प्राण्याला लावायची परवान्याची चिठ्ठी, ज्याचा त्याचाच असतो. पश्चिमेकडील राज्यांत एकाने मारलेल्या प्राण्यावर दुसऱ्याचा टॅग लावणे गुन्हा आहे.

बाण लागल्यानंतरचा काळ सर्वांत कसोटीचा. पहिला नियम थांबण्याचा. फुप्फुसाला लागला असे वाटले तरी किमान अर्धा तास जागेवरून हलायचे नाही, कारण पाठलाग झाल्याचे कळले की जखमी प्राणीही मैलभर पळतो. बाण सापडला तर त्यावरून बरेच कळते. फेसाळ, गुलाबीसर रक्त फुप्फुसाचे. गडद लाल रक्त यकृताचे. हिरवट घाण आणि उग्र वास म्हणजे आतडी. यकृताला लागले असेल तर चार-सहा तास, आतड्यांना लागले असेल तर आठ-बारा तास थांबून मगच माग काढतात. इथे मित्रांचे डोळे पुन्हा कामी येतात. एक जण शेवटच्या रक्ताच्या थेंबापाशी उभा राहतो, दुसरा पुढचा शोधतो, तिसरा बाजूने पुढे जाऊन पाहतो. रक्त दिसले तिथे कागदाचे तुकडे ठेवत गेले की प्राण्याची दिशा उमगते. माग हरवला तर रान पट्ट्यापट्ट्यांनी पिंजून काढतात. सापडला नाही तर दुसरा दिवस, तिसरा दिवस. जखमी प्राणी सोडून नव्याच्या मागे लागणाऱ्याला या वर्तुळात मान नाही, आणि तो नसावाच.

एल्क पडला की खरे कष्ट सुरू होतात. गाडीरस्त्यापासून पाच-सात किलोमीटर आत, तीन हजार मीटर उंचीवर, सव्वातीनशे किलोंचे धूड. बहुतेक जण पोट न फाडता कातडे सोलून चारही पाय, पाठीचा मांसल भाग आणि मान वेगळी करतात. हाडे काढल्यावरही मोठ्या नराचे ऐंशी ते शंभर किलो मांस निघते. पाठीवर तीस किलोंचे ओझे धरले तर तीन-चार खेपा होतात; एकट्याला त्यात दोन दिवस जातात, चौघांना एक फेरी पुरते. वेळ महत्त्वाचा असतो. जाड कातडे आणि केस यांमुळे मोठ्या हाडाभोवतीची उष्णता अडकून राहते आणि सप्टेंबरच्या दुपारी तिथले मांस काही तासांत आंबते. म्हणून ते हवा खेळती राहील अशा कापडी पिशव्यांत भरून सावलीत, वाऱ्यावर टांगतात. खाण्याजोगे मांस टाकून फक्त शिंगे नेणे पश्चिमेकडील राज्यांत शिक्षापात्र आहे. वरच्या जबड्यातील दोन हस्तिदंतासारखे सुळे अनेक जण जपून ठेवतात. क्रो आणि लकोटा लोकांच्या स्त्रियांच्या समारंभी पोशाखांवर असे शेकडो सुळे शिवलेले असत. रानातून मिळवलेले मांस विकता येत नाही. ते गटात आणि नातलगांत वाटले जाते.

धनुष्याच्या शिकारीवरील सर्वांत गंभीर आक्षेप जखमी होऊन निसटणाऱ्या प्राण्यांबद्दलचा आहे, आणि तो खरा आहे. ब्रिटन व जर्मनीत याच कारणाने धनुष्याने शिकार करणे बेकायदा आहे. फ्रान्स, डेन्मार्क, स्पेन, हंगेरी यांनी ती अटींसह मान्य केली आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेखातर होणारी शिकारच बंद आहे, हत्यार कोणतेही असो. सांबर-चितळांची इथली स्थिती आणि त्यांच्यावर जगणारे वाघ-बिबटे पाहता तो निर्णय योग्यच आहे. अमेरिकेत प्रत्येक क्षेत्राची गणती करून परवान्यांची संख्या ठरते, म्हणून तिथला प्रश्न वेगळा पडतो. तिथे वाद हवा तो अंतराचा. आधुनिक धनुष्याने ऐंशी-नव्वद मीटरवरील लक्ष्य भेदता येते, पण लक्ष्य हलत नाही, एल्क हलतो. चाळीस मीटरची स्वतःवर घातलेली मर्यादा कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक प्राण्यांना यातनांपासून वाचवते.

गेल्या काही दशकांत एका रोगाची चिंता वाढली आहे. १९६७ साली कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे बंदिस्त म्यूल डिअरमध्ये प्राणी झिजत जाऊन मरण्याचा विकार प्रथम दिसला. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होणारा हा मेंदूचा रोग आज तीसहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. त्यावर इलाज नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही आरोग्ययंत्रणा लागण झालेल्या प्राण्याचे मांस न खाण्याचा सल्ला देतात. त्यामुळे शिकारी मानेतील लसिकाग्रंथींचे नमुने प्रयोगशाळेत देतात, आणि मेंदू व पाठीचा कणा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर निर्बंध आहेत.

एवढे करूनही धनुर्धाऱ्यांपैकी एल्क मिळतो तो साधारण दहांतल्या एक-दोघांना. न वापरलेला टॅग हंगामाच्या शेवटच्या दिवशी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बाद होतो. शिकार न करता हा प्राणी पाहायचा असेल, तर त्याच सप्टेंबरअखेर कोलोरॅडोतील एस्टेस पार्क गावी जावे. शेजारच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीस बंदी आहे आणि संध्याकाळी रस्त्याकडेला उभे राहूनही नरांच्या सादा ऐकू येतात. तिथल्या नियमानुसार एल्कपासून किमान २३ मीटर दूर राहावे. माजावर आलेला नर माणसावर आणि मोटारीवरही धावून जातो.